वाचकांचे प्रश्न : दुपारी दोनची नोंद, पावणेबारालाच

या सदरात एरवी नाना तऱ्हेची पत्रं असतात. या वेळी तीन पत्रं एकाच कामातली आली : रुग्णालयातलं कम्प्लायन्स, म्हणजे कायदे, परवाने, मानकं आणि तपासण्या सांभाळण्याचं काम. माझी नोकरीही त्यातच गेली, त्यामुळे पहिल्या पत्राला जागा जरा जास्त गेली आहे. संपादकांनी कुरकुर केली, पण कापलं नाही.

प्रश्न : ताई, मी मूळची नर्स. अकरा वर्षं वॉर्डात काढली, गेली सहा वर्षं क्वालिटी आणि कम्प्लायन्स विभागात आहे. नियम तोंडपाठ आहेत. दोन मोठ्या तपासण्या माझ्या फाइलींवर पार पडल्या. तरी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा बाहेरून माणूस आणला. मला सांगण्यात आलं, 'डॉक्युमेंटेशन तुमचं उत्तम आहे, पण लीडरशिप वेगळी असते.' वेगळी म्हणजे कशी, ते कोणी सांगत नाही. वॉर्डात मी दिसले की सगळे गप्प होतात, पाठीमागे मला 'फाइलवाली' म्हणतात. पुढे जायचं तर काय करू? (नाव छापू नये)

उत्तर : तुमच्या पत्रातली बढतीची हकीकत मी एकदा वाचली, आणि 'मी दिसले की सगळे गप्प होतात' हे वाक्य चार वेळा. बढतीकडे येऊच, पण आधी हे. फाइलवाली मीही होते, आणि माझ्या बाबतीत ते नाव मी स्वतः कमावलेलं होतं.

विभागात येऊन मला दोनेक वर्षं झाली असतील. एका वॉर्डात न सांगता फेरी मारायला गेले. औषधांच्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता चिकटवलेला असतो, तुम्हाला माहीतच आहे. इन्सुलिन, लसी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात, म्हणून दिवसातून तीनदा आकडा लिहून सही करायची. मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. तक्त्यावर दुपारी दोनची नोंद झालेली होती. रात्री आठचीसुद्धा. ४, ४, ४. तिन्ही सह्या एकाच शाईत.

खरं सांगते, मला आनंद झाला. फोटो काढला, नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमभंगाची नोंद, लिहिली, संध्याकाळच्या मीटिंगमध्ये पडद्यावर भली मोठी करून दाखवली. त्या सिस्टरला मेमो मिळाला. कॅपाच्या, म्हणजे त्रुटीचं कारण आणि उपाय लिहायच्या, फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मी लिहिलं 'कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष', उपायाच्या रकान्यात 'पुनर्प्रशिक्षण दिले', आणि नऊ दिवसांत कॅपा बंद केला. मुदतीआधी बंद केला म्हणून माझं कौतुक झालं.

त्यानंतर आठ महिने त्या मजल्यावरून एकही घटना-अहवाल आला नाही. मासिक अहवालात मी त्याला हिरवा रंग दिला आणि 'सुधारणा' असं लिहिलं.

मग एक दिवस तिथल्या मावशी लादी पुसता पुसता म्हणाल्या, 'त्या फ्रिजचा काटा तर कधीचा मेलाय हो मॅडम.' थर्मामीटरचा डिस्प्ले माझ्या त्या फेरीच्याही आधीपासून बंद होता. सिस्टरनं तीनदा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवला होता, आणि तीनदा तो स्टोअरमधून 'बजेट हेड (खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा ते) लिहिलेला नाही' म्हणून परत आला होता. तिसऱ्यांदा परत आल्यावर तिनं अंदाजानं आकडा टाकायला सुरुवात केली, आणि अंदाजच टाकायचा तर तीन वेळा उठायचं कशाला? मी प्रशिक्षण दिलं, थर्मामीटर दिला नाही. माझ्या सुधारणेनंतर झालेला फरक एवढाच, की ४ हा आकडा आता बरोबर दोन वाजता लिहिला जात होता.

फ्रिजमधला सगळा साठा त्याच दिवशी काढून टाकला. त्याआधी त्यातून कोणाला काय दिलं गेलं, याचा हिशेब लावायला तीन आठवडे लागले, आणि तो पुरता लागला नाहीच.

सिस्टरची माफी मागितली. बेअब्रू सगळ्यांसमोर केली होती, म्हणून माफीही हँडओव्हरला सगळ्या उभ्या असताना मागितली. ती काही विरघळली नाही. 'ठीक आहे मॅडम' म्हणाली आणि पुढच्या पेशंटचं सांगायला लागली. दोन-अडीच महिन्यांनी रात्री साडेअकराला तिचा फोन. एकाच आडनावाचे दोन पेशंट, एकाचं हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, दुसऱ्याच्या ट्रेमध्ये आलेलं, टोचायच्या आधी लक्षात आलं होतं. 'अजून कोणाला बोलले नाही. तुम्हाला आधी सांगते.'

वेगळी म्हणजे कशी, असं विचारता ना? माझ्यापुरती ती त्या फोनला सुरू झाली. हुद्दा त्यानंतर चार वर्षांनी आला.

हे मी मनाच्या मोठेपणाचं म्हणून सांगत नाही, त्यात रोकडा हिशेब आहे. रुग्णांची माहिती फुटली, तर युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याखाली नियामकाला कळवायला सहसा ७२ तास मिळतात. अमेरिकेच्या हिपा या आरोग्य-माहितीच्या कायद्याखाली रुग्णाला कळवायला उशिरात उशिरा ६० दिवस. हिपाचं घड्याळ तर तुमच्या टेबलावर कागद येण्याची वाटही बघत नाही. नीट लक्ष दिलं असतं तर ज्या दिवशी कळलं असतं, त्या दिवसापासून ते चालू झालेलं असतं. काउंटरवरच्या मुलानं चुकीच्या पत्त्यावर रिपोर्ट मेल केला आणि मेमोच्या भीतीनं पाच दिवस गप्प बसला, तर ते पाच दिवस संस्थेच्या मुदतीतून गेले. म्हणजे तुम्ही वॉर्डात शिरल्यावर पसरणारी शांतता हीच तुमच्या रुग्णालयाची जोखीम आहे. ती मोडणं हे प्रमुखाचं पहिलं काम, आणि ते करायला प्रमुख असावं लागत नाही.

आता तुमच्या वरिष्ठांचं वाक्य. खोचक आहे, पण पुरतं खोटं नाही. फाइल झालेल्या गोष्टीचा पुरावा असते. वरच्या लोकांना होऊ घातलेली गोष्ट ऐकायची असते, आणि तीही त्यांच्या भाषेत. संचालक मंडळापुढे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ४६ स्लाइड नेल्या होत्या. अध्यक्ष नवव्या स्लाइडपर्यंत माझ्याकडे बघत होते, नंतर चष्मा पुसायला लागले, आणि तो चष्मा काही स्वच्छ होईना. पुढच्या तिमाहीत एक पान नेलं. तीन जोखमी, आणि प्रत्येकीपुढे चार गोष्टी : काय घडू शकतं, इजा कोणाला, मला काय हवं, कधीपर्यंत. तिसरी ओळ वाचून त्यांनी फायनान्सच्या साहेबांकडे मान वळवली. थर्मामीटरच नव्हे, चोवीस तास आपोआप नोंद करणारी यंत्रणा त्या पानानं आणली.

एका पानाची ताकद जुनी आहे. १९१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं रुग्णालयांसाठी किमान मानक तयार केलं, ते एका पानात मावत होतं. पुढच्या वर्षी १०० किंवा जास्त खाटांची ६९२ रुग्णालयं त्यावर घासून पाहिली. उतरली फक्त ८९. नापासांत इतकी नावाजलेली रुग्णालयं निघाली, की यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या भट्टीत जाळली, असं सांगतात. यादी गेली, पान टिकलं. १९५१ मध्ये उभा राहिलेला तिथला जॉइंट कमिशन, म्हणजे रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था, त्याच वंशातला. आज आपल्या कपाटांत मानकांचे जाडजूड खंड असतात, आणि ते लागतातही, पण त्या एका पानानं ६०३ रुग्णालयं पकडली होती हे मला मंडळापुढे जाताना दर वेळी आठवतं.

'नाही' म्हणण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण बाहेरून माणूस आणताना बहुधा तेच तोललं गेलं असेल. एका सकाळी सीएसएसडीतून, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागातून, फोन आला. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, लोडबरोबर जी जिवाणूंची चाचणी-कुपी ठेवतात, तिच्यातलं द्रव्य जांभळं राहिलं तर जिवाणू मेले, पिवळं झालं तर जिवंत आहेत. ते पिवळं झालं होतं. त्या लोडमध्ये हाडांच्या ऑपरेशनचे इम्प्लांट होते, आणि सर्जन हात धुवायच्या बेतात. ते म्हणाले, 'पॅकवरच्या पट्टीचा रंग तर बदललाय.' बदलला होता. पण पट्टी फक्त वाफ आणि उष्णता पोचल्याचं सांगते, जिवाणू मेल्याचं नाही. मी म्हटलं, हा लोड जाणार नाही. ते म्हणाले, हे ठरवणारे तुम्ही कोण?

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण महिन्याभरापूर्वी मी संचालकांकडून अर्ध्या पानाच्या कागदावर सही घेऊन ठेवली होती : लोड थांबवण्याचा अधिकार कोणाला, आणि तो उठवण्याचा कोणाला. सगळं शांत असताना घेतलेली सही. धावपळीत कोणी सही देत नाही. शिवाय मी नुसती आडवी उभी नव्हते. त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत आदल्या दिवशीच्या, चाचणीत उतरलेल्या लोडमधला दुसरा सेट शोधायला माणूस पाठवला होता. ऑपरेशन अडीच तास उशिरा सुरू झालं. सर्जन माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी आपल्या युनिटमधल्या एका भानगडीबद्दल विचारायला स्वतः आले.

या कामात आवाज चढवणाऱ्यांचं फारसं चालत नाही. फ्रान्सिस केल्सी १९६० मध्ये अमेरिकेच्या एफडीएत, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेत, रुजू झाल्या आणि सुरुवातीलाच त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. तेव्हाच्या कायद्यानं ६० दिवसांत हरकत आली नाही, तर औषध आपोआप बाजारात जायचं. केल्सीबाई दर वेळी मुदतीच्या आत लिहायच्या : दिलेला पुरावा अपुरा, आणखी पाठवा. की ६० दिवस पुन्हा पहिल्यापासून. कंपनीनं वरपर्यंत तक्रारी केल्या. हे वर्षभराहून जास्त चाललं, आणि तोवर युरोपातून ते औषध घेतलेल्या आयांच्या, हातपाय नीट न वाढलेल्या बाळांच्या बातम्या यायला लागल्या. मुदतीचं कलम माहीत असणं आणि ते दर वेळी वेळेत वापरणं, एवढीच त्यांची हत्यारं होती. तुमच्याकडे पहिलं आहेच.

मग तुम्ही करायचं काय? या महिन्यात तुमच्याच हातून बंद झालेला एक कॅपा काढा, ज्यात कारण 'मानवी चूक' लिहिलंय. तो पुन्हा उघडा. वॉर्डात जा, वही न नेता, आणि विचारा, 'हे करायला अडतं कुठे?' पहिल्या दोन वेळा 'कुठे नाही' हेच उत्तर येईल. तिसऱ्या वेळी जे येईल, ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे न्या. बहुतेक वेळा तो माणूस स्टोअरमध्ये नाहीतर आयटीत सापडतो. काम झालं की वॉर्डात जाऊन सांगा, झालं म्हणून. नाही झालं तरी सांगा. खरेदी समितीत बसायला मिळतं का बघा, कारण बजेट हेड म्हणजे काय हे मला आठ महिने उशिरा कळलं. नव्यानं आलेल्या प्रमुखांवर राग धरू नका. एकदा निवांत विचारा, मुलाखतीत तुम्हाला काय विचारलं होतं? तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर त्यांच्याकडेच आहे.

वर्ष-दीड वर्ष असं करूनही तिथं तुम्ही फाइलवालीच राहिलात, तर दुसरं रुग्णालय बघा. कम्प्लायन्समध्ये बाहेर पडून वर जाणं काही कमीपणाचं नाही, मीही तशीच गेले. मात्र प्रमुखपद घेण्याआधी एक प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका : मी अहवाल कोणाला देणार? अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानं २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय, की कम्प्लायन्स अधिकारी कायदा किंवा वित्त विभागाच्या हाताखाली नसावा. तो थेट सीईओला किंवा मंडळाला उत्तरदायी असावा, आणि सीईओला असला तरी मंडळाचं दार त्याला उघडं असावं. जिथं तुम्हाला फायनान्सच्या साहेबांमार्फत मंडळाकडे जावं लागेल, तिथं हुद्दा कितीही मोठा छापला असला तरी तुम्ही त्यांच्या मर्जीवर आहात.

प्रश्न : एका लॅबमध्ये कम्प्लायन्स बघतो, तीन वर्षं झाली. तपासणी आठ दिवसांवर आलीय. गेल्या दोन तिमाहींत कमिटीच्या दोन बैठका झाल्याच नाहीत. साहेब म्हणतात, 'मिनिट्स बनव, मागची तारीख टाक, सगळे सह्या करतील. सगळीकडे असंच चालतं.' पुढच्या वर्षी मला डेप्युटी करायचं त्यांच्या मनात आहे. काय करू?

उत्तर : नका करू.

सगळीकडे चालतं हे काही अंशी खरं आहे. पण मी काही वर्षं तपासनीस म्हणून टेबलाच्या पलीकडेही बसले आहे, तेव्हा तिथून कसं दिसतं ते ऐका. हजेरीच्या कागदावर सात सह्या, सगळ्या एकाच पेनानं. सात जणांतली एक बाई त्या तारखेला बाळंतपणाच्या रजेवर. मिनिट्समध्ये ज्या यंत्राच्या बिघाडावर चर्चा झाली, ते यंत्र त्यानंतर महिन्यानं आलेलं. तिसरी गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. वाचताना हसू आवरलं नव्हतं, आणि मग उरलेले दोन दिवस त्या लॅबची प्रत्येक फाइल संशयानं वाचली. न झालेली बैठक ही एक त्रुटी असते. बनवलेली बैठक सापडली, की तुमच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

तुमच्या कामात नोंदीची कसोटी ठरलेली आहे : कोणी केली ते कळावं, वाचता यावी, घडतं तेव्हाच केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. मागची तारीख यातल्या किमान दोन ठिकाणी नापास होते. उशिरा लिहायला बंदी नाही. राहून गेलेली नोंद आजच्या तारखेनं, 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून, सही करून घालता येते. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पण जे घडलंच नाही त्याची उशिरा नोंद नसते.

आठ दिवस पुष्कळ आहेत. याच आठवड्यात खरी बैठक घ्या. विषयपत्रिकेत पहिलाच मुद्दा : 'मागील दोन तिमाहींत बैठक झाली नाही, कारणे आणि उपाय.' खरं कारण लिहा. पुढच्या चार बैठकांच्या तारखा ठरवा, अध्यक्ष नसतील तेव्हा कोण बसेल तेही लिहा, आणि तपासनीस आले की त्यांनी विचारण्याआधी कागद पुढे ठेवा. आपली चूक आपणच शोधून दाखवणाऱ्या संस्थेकडे बघण्याची नजर वेगळी असते, हे मी त्या खुर्चीवरून सांगते.

साहेबांना 'हे बेकायदा आहे' असं तोंडावर म्हणू नका, ते चिडतील. म्हणा, 'सर, या कागदावर तुमची सही असेल, आणि त्यात काही निघालं तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही. मी दुसरा मार्ग आणलाय.' बहुतेक साहेब इथं वळतात. नाही वळले, तर त्यांचं म्हणणं मेलवर मागा आणि आपली हरकत मेलवरच नोंदवा. तरीही रेटलं तर संस्थेत तक्रारीची जी गोपनीय वाट असेल ती धरा आणि अर्जही टाकायला लागा. डेप्युटीचं पद जाईल, हे मान्य. पण या सह्यांच्या जोरावर मिळालेल्या पदावर साहेब पुढची मागणी कोणती करतील, ते तुम्हाला आजच दिसतंय.

प्रश्न : मी फार्मसी केलंय. हेल्थकेअर कम्प्लायन्समध्ये यायचंय. कुठलं सर्टिफिकेट घेऊ? ऑनलाइन पाहिलं तर डोकं गरगरतं.

उत्तर : गरगरणारच, कारण तिथं दोन-तीन वेगळी कामं एका नावाखाली विकली जातात. औषध किंवा उपकरण बाजारात आणण्यासाठी नियामकाकडे अर्ज, पुरावे, लेबलं सांभाळणं म्हणजे रेग्युलेटरी अफेअर्स. तिथं आरएसी हे सर्टिफिकेट चालतं. रुग्णालयात बिलिंग, गोपनीयता, हितसंबंध, तक्रारी बघणं म्हणजे कम्प्लायन्स. तिथं सीएचसी हा दाखला, पण तो अमेरिकेच्या कायद्यांवर बेतलेला आहे, तेव्हा तिथल्या संस्थांशी काम येणार असेल तरच. रुग्णसुरक्षा आणि गुणवत्तेकडे कल असेल तर सीपीएचक्यू हा दाखला. उपकरणांच्या कारखान्यात जायचं असेल तर आयएसओ १३४८५ या गुणवत्ता-मानकाचं ऑडिटर प्रशिक्षण, आणि लॅबमध्ये आयएसओ १५१८९.

फार्मसीवाल्यांचा हात औषधांच्या साठ्यावर आणि नोंदींवर आधीच बसलेला असतो, त्यामुळे सुरुवात रुग्णालयाच्या औषध-सुरक्षा समितीतून करणं तुम्हाला सगळ्यात सोपं जाईल. फी भरण्याआधी पात्रतेच्या अटी वाचा. सीएचसीला कामाचा अनुभव आणि प्रशिक्षणाचे तास दोन्ही लागतात, सीपीएचक्यूला तशी सक्ती नाही. आणि आधी सहा महिने कुठल्यातरी अंतर्गत ऑडिटमध्ये मदतनीस म्हणून फिरून या. फ्रिजवरचे तक्ते वाचायला आवडतात की नाही, ते तेवढ्यात कळतं.